माळ्यावरचं काळं मशीन आधी खाली उतरवा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: कोल्हापूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ४१, खाजगी नोकरी, दोन खोल्यांचा फ्लॅट. उन्हाळ्यात दोन महिन्यांचा शिवणक्लास केला आणि शिवणाची गोडी लागली. घरचे पडदे, उशांचे अभ्रे, मुलीचे सुती फ्रॉक आणि कुर्ते शिवायचेत; आईच्या जुन्या इरकली साड्यांची वाकळही करायची आहे. बजेट १० हजार रुपये. समोर चार पर्याय आहेत. ऑनलाइन मिळणारं दीड-दोन हजारांचं छोटं मशीन. दुकानदार सुचवतोय ते २१ टाक्यांचं ऑटोमॅटिक, जे बजेटच्या थोडं वर जातं. इचलकरंजीतल्या बंद झालेल्या एका युनिटमधलं जुनं ‘जुकी’. आणि सासूबाईंचं काळं पायमशीन. सासूबाईंना आता बारीक दिसत नाही, त्यामुळे ते १२ वर्षं माळ्यावर पडून आहे, चाक फिरत नाही आणि घरचे ते भंगारात द्यायला निघालेत. त्या लिहितात, ‘क्लासमध्ये माझाच दोरा खाली गुंतायचा. माझा हातच बसत नसेल. आणि नुसत्या हौसेसाठी इतके पैसे घालायचे का? निदान शेजारणींचे ब्लाऊज शिवून वसूल तरी कर, असं घरात म्हणतात. कोणतं मशीन घेऊ?’

ताई,

आधी तुमच्या हाताबद्दल बोलू. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं घरटं झालं की जवळपास सगळेजण बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळीला, दोष देतात, तिच्या डबीचा स्क्रू पिळतात आणि गुंता आणखी वाढवतात. कारण बहुतेक वेळा वर असतं. प्रत्येक टाक्याला सुईचा दोरा खाली जाऊन अख्ख्या बॉबिनला वळसा घालतो आणि वर-खाली होणारी दांडी तो फास परत ओढून घेते. दोरा टेन्शनच्या, म्हणजे त्याला ताणून धरणाऱ्या, चकत्यांमध्ये नीट बसलेला नसला तर त्याला धरच राहत नाही. जास्तीचा दोरा खालीच साठतो आणि चार टाक्यांत घरटं तयार. चकत्यांमध्ये तो बसत नाही, कारण ओवताना फूट (सुईजवळ कापड दाबून धरणारा भाग) खाली टेकवलेलं असतं. फूट खाली असताना चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या कडेवर नुसता टेकतो. फूट वर उचललं की चकत्या उघडतात. म्हणून ओवायचं ते नेहमी फूट वर करून. ओवून झालं की फूट खाली सोडा आणि सुईजवळचा दोरा हलकेच ओढून बघा, जड लागला पाहिजे. सुळकन आला तर पुन्हा ओवा. शिवायला सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची चार-चार इंच टोकं फूटच्या मागे न्या आणि पहिले तीन टाके पडेपर्यंत बोटांनी धरून ठेवा.

क्लासमध्ये एकाच मशीनवर अनेकजणी बसतात, प्रत्येकीची रीळ वेगळी, प्रत्येकीची घाई वेगळी. तिथं दोरा गुंतला म्हणून हात बसत नाही असं ठरवू नका. हे आधी सांगतोय, कारण ही शंका मनात ठेवून दुकानात गेलात तर ‘हे मशीन सगळं आपोआप करतं’ या वाक्याला तुम्ही लगेच भुलाल.

आता तुमची यादी. पडदे, अभ्रे, सुती फ्रॉक, कुर्ते, वाकळ. या सगळ्याला मुख्यतः लागते ती सरळ टीप. झिगझॅग, म्हणजे नागमोडी टाका, लागतो कापडाच्या कडेचे धागे निघू नयेत म्हणून, काज करायला, इलास्टिक बसवायला आणि टी-शर्टसारखं ताणणारं कापड शिवायला. ताणणारं कापड तुमच्या यादीत नाहीच. काज वर्षाकाठी कितीसे लागणार? ते हातानं करता येतात, नाहीतर गल्लीतला टेलर करून देतो. राहता राहिल्या कडा. अभ्र्याला आणि फ्रॉकला त्या झिगझॅगशिवाय अशा बंद होतात: कापताना शिवणीसाठी अर्धा इंच धरा. आधी कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून पाव इंचावर टीप मारा. उरलेली कड निम्मी कापून टाका. मग कापड फिरवून सुलट्या बाजू आत घ्या, शिवणीवर इस्त्री फिरवा आणि पुन्हा पाव इंचावर टीप मारा. कच्ची कड दोन टिपांच्या आत बंद होते, धागा निघत नाही, आणि उलट्या बाजूनंही अभ्रा नीटनेटका दिसतो. पातळ सुती कापडाला याहून चांगलं काही नाही. जाडसर कुर्त्याच्या कडा इंटरलॉकवाल्याकडून मारून घ्या.

म्हणजे २१ टाक्यांपैकी आज तुम्हाला लागतो एक. झिगझॅग मशीन वर्षानुवर्षं वापरणारेसुद्धा तीन-चार टाक्यांच्या पलीकडे क्वचित जातात: सरळ, झिगझॅग, इलास्टिकसाठी तुटक झिगझॅग आणि काज. शिवाय ती ‘२१’ कशी मोजली हे विचारा. बऱ्याच ठिकाणी मशीनमधले मूळ टाके कमी असतात आणि त्यांचे ‘उपयोग’ मोजून आकडा वाढवलेला असतो. काजाच्या चार पायऱ्या चार टाके म्हणून धरलेल्याही आढळतात. माझ्या मते घरच्या शिलाईला मशीन चांगलं की वाईट हे एकाच गोष्टीवर ठरतं: तुमच्या कापडावर, तुमच्या दोऱ्यानं, हळू चालवल्यावरही सरळ टीप एकसारखी पडते का?

दीड-दोन हजारांचं छोटं मशीन घेऊ नका. ते बहुधा ६ व्होल्टच्या अडॅप्टरवर किंवा चार पेन्सिल सेलवर चालतं. वजन इतकं कमी की पडद्याचं कापड ओढलं की मशीनच टेबलावर सरकतं. फूटचा दाब कमी-जास्त करता येत नाही, जाड दुमड आली की मोटर अडते, टाक्याची लांबीही बहुतेकात बदलत नाही. दोन महिने क्लास केलेल्या माणसाला ते चालेना झालं की तो मशीनला बोल लावत नाही, स्वतःलाच लावतो. मला ते पैशांपेक्षा जास्त डाचतं. हातात धरायचं स्टेपलरसारखं मशीन तर त्याहून नको. त्यात बॉबिन नसते, एकाच दोऱ्याची साखळी पडते आणि शेवटचं टोक सुटलं की अख्खी शिवण सरसर उसवते.

‘जुकी’ हा वेगळा मामला आहे. हे कंपनीचं नाव, पण आपल्याकडे कारखान्यातल्या कुठल्याही फास्ट मशीनला जुकीच म्हणतात. टीप फार सुंदर. पण ती मिनिटाला चार-पाच हजार टाके मारायला बनवलेली असतात. टेबल साधारण चार फूट लांब आणि पावणेदोन फूट रुंद, नुसतं डोकंच पंचवीस-तीस किलोंचं. ते दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कायमचं मांडून ठेवावं लागेल. त्यात ते बंद झालेल्या युनिटमधलं आहे, तेव्हा मोटरवरची पाटी वाचा. कारखान्यातल्या जुन्या मोटरी थ्री फेजच्या असू शकतात आणि त्या घरच्या सिंगल फेजवर चालत नाहीत. सिंगल फेज निघाली तरी जुनी क्लच मोटर चालू केल्यापासून बंद करेपर्यंत घुमत राहते आणि पायाचा जरा अंदाज चुकला की मशीन पळतं. ती काढून सर्व्हो मोटर बसवली तर आवाज आणि वेग दोन्ही ताब्यात येतात, पण मग स्वस्तातलं मशीन स्वस्त राहत नाही. उद्या रोज आठ-दहा कपडे शिवायचे झाले तर जुकी घ्या. आज नको.

मग राहिलं माळ्यावरचं. जुनं झालं म्हणजे निकामी झालं, हे घरचे धरून चाललेत. या काळ्या मशीनचं अंग बिडाचं, आतले भाग लोखंडाचे, आणि रचना इतकी सरसकट की अनेक कंपन्यांनी तीच बनवली. म्हणून बॉबिन, बॉबिन केस (तिची डबी), फूट, दाते (खालून कापड पुढे सरकवणारे), शटल (सुईचा दोरा पकडून बॉबिनभोवती नेणारा भाग), स्प्रिंग यांतलं काहीही आजही शिलाई साहित्याच्या दुकानात मिळतं. एखादा अडनिडा स्क्रू नाहीच मिळाला तर कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगर आहे. ज्या शहरात लेथवर काय वाटेल ते करून मिळतं, तिथं एका स्क्रूपायी मशीन भंगारात घालू नये.

खाली उतरवताना डोकं आणि स्टँड वेगळे उतरवा, आणि दोन माणसं लागतील. मग नेमकं काय अडलंय ते शोधा. आधी पट्टा काढा. पट्टा काढल्यावर खालचं मोठं चाक आणि पायडल हातानं हलवा. तेच अडलेलं असेल तर दोष स्टँडच्या सांध्यात आहे, तेल आणि थोडी हालचाल पुरते. खालचं मोकळं असेल तर डोक्याचं चाक बघा. या चाकाच्या मधोमध एक गोल कडी असते, बॉबिन भरताना जी सैल करतात ती. ती सैल केल्यावर चाक एकटं मोकळं फिरलं तर अडथळा डोक्याच्या आत आहे. (याच्या उलट तक्रारही नेहमीची: चाक फिरतं पण सुई हलत नाही. तिथं कोणीतरी बॉबिन भरून ती कडी आवळायला विसरलेलं असतं. एवढ्यासाठी मेकॅनिकला बोलावू नका.)

आत अडकण्याची कारणं तीन. शटलभोवती गुंडाळलेला जुना दोरा, सुकून चिकट झालेलं तेल, आणि गंज. सुई, फूट आणि बॉबिन केस काढून ठेवा. डोकं मागे कलवून डावीकडे शटल बघा. ते धरून ठेवणारी कडी काही मशीनना खिटीनं बसवलेली असते, काहींना स्क्रूनं. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, म्हणजे परत बसवताना डोकं धरून बसावं लागणार नाही. चिमट्यानं दोऱ्याचे तुकडे आणि दात्यांखालचा साठलेला भुसा काढा. हा भुसा तेल पिऊन नमद्यासारखा घट्ट बसतो. टोकदार काडीनं खरवडल्याशिवाय सुटत नाही.

मग तेल. फक्त शिलाई मशीनचं पातळ, पाण्यासारखं दिसणारं तेल. वरच्या प्रत्येक छिद्रात दोन-दोन थेंब, आणि खालून जिथं जिथं लोखंडावर लोखंड फिरतं तिथं एकेक. रात्रभर मुरू द्या. सकाळी चाक पुढे-मागे अगदी थोडं हलवून बघा. बोटभर हललं तरी काम झालं, पुन्हा तेल, पुन्हा हालचाल. अजिबात हललं नाही तर केस वाळवायच्या ड्रायरची ऊब द्या, चिकटलेलं तेल सैल होतं. पक्कड लावून चाक पिळू नका आणि हातोडी तर मुळीच नको. बिड वाकत नाही, तडकतं.

खोबरेल तेलाबद्दल मुद्दाम लिहितो, कारण आपल्या घरांतून मशीनला सर्रास तेच घातलं गेलंय. खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली गोठतं. डिसेंबरात कोल्हापुरात बाटलीतलं खोबरेल जसं पांढरं होतं, तसंच ते मशीनच्या सांध्यातही होतं. गोडेतेल गोठत नाही, पण काही महिन्यांत डिंकासारखं चिकट होतं. थंडीत मशीन जड आणि उन्हाळ्यात हलकं, अशी घरातली जुनी आठवण असेल तर आतमध्ये खोबरेल आहे असं समजा आणि तेल-ऊब-हालचाल हा क्रम दोन-तीन दिवस चालू ठेवा.

चाक फिरायला लागलं की एकदा मेकॅनिकला दाखवा. त्याच्याकडून तीन गोष्टी तपासून घ्या. सुईची दांडी आडवी हलते का. शटलचं टोक बोथट किंवा गंजानं खडबडीत झालंय का. आणि टायमिंग: सुई तळाला जाऊन दोन-अडीच मिलिमीटर वर आली की शटलचं टोक सुईच्या भोकाच्या जरासं वरून, सुईला जवळजवळ चाटून जायला हवं. टायमिंग चुकलं की टाके सुटतात आणि कितीही टेन्शन बदललं तरी ते सुधारत नाही. रंग मात्र लावू देऊ नका, रंगानं तेलाची छिद्रं बुजतात. पट्टा नवा घ्या. चामडी पट्टा काही दिवसांत ताणला की अर्धा इंच कापून पुन्हा तार जोडायची. सुई घेताना जुनी सुई सोबत न्या. घरगुती मशीनची सुई चपट्या दांड्याची असते, टेलर मॉडेलला (शिंप्यांसाठीच्या मशीनला) बऱ्याचदा गोल दांड्याची लागते, आणि एकीच्या जागी दुसरी घातली की टीपच पडत नाही. बसवताना लक्षात ठेवायचं ते एवढंच, की सुईला ज्या बाजूनं लांब खाच असते त्या बाजूनं दोरा ओवायचा.

हे सगळं करूनही सोडून द्यायची वेळ कधी? बिडाच्या अंगाला तडा असेल, किंवा शटल फिरतं त्या खोबणीत गंजानं खड्डे पडले असतील तर. मग खर्च वाढत जातो आणि टीप नीट येत नाही. बाकी बहुतेक दुखणी बरी होतात. तेल, पट्टा, सुया, नवी बॉबिन केस आणि मेकॅनिकची मजुरी मिळून मी हजार-दीड हजार धरीन. शटल बदलावं लागलं तर थोडे जास्त.

पायडलची एक गोष्ट आधी अंगवळणी पडावी लागते. चाक कायम आपल्याकडे फिरलं पाहिजे. नवशिक्याचं पायडल मध्येच उलटं जातं, चाक मागे फिरतं आणि दोरा तुटतो. पहिले दोन दिवस दोरा न ओवता, फूट वर करून नुसतं चालवा. हातानं चाक आपल्याकडे ढकलून सुरुवात, मग पाय. पुढे रेघा मारलेल्या वहीच्या कागदावर बिनदोऱ्याची सुई चालवून रेघेवर राहायची सवय करा, वापरून झालेली जुनी सुई त्याला चालते. गुडघे दुखत असतील तर मागे छोटी मोटर बसवता येते, मात्र मग पायडलचा पट्टा काढून ठेवायचा. माझं मत विचाराल तर निदान पहिले सहा महिने पायानंच चालवा. एकेक टाका टाकत थांबणं पायडलवर फार चांगलं जमतं, आणि गळ्याची गोलाई शिवताना नेमकं तेच लागतं.

काळं मशीन निघालंच नाही, किंवा सहा महिन्यांनी खरोखर काज आणि झिगझॅगची गरज जाणवली, तर ऑटोमॅटिक घ्या. पण टाक्यांची संख्या सर्वांत कमी असलेल्या मॉडेलपासून बघायला सुरुवात करा. उषा, सिंगर, ब्रदर यांची साधी झिगझॅग मशीन शिकाऊ माणसाला पुरेशी आहेत. दुकानात जाताना पिशवीत घेऊन जा: मलमलचा तुकडा, पॉपलीन, पडद्याचं कापड, जुन्या जीन्सची खालची दुमड, आणि एकाच जाडीच्या दोन रिळा, एक लाल, एक पांढरी. वर लाल, खाली पांढरा. मशीन दुकानदारानं ओवलेलं असेल तर सगळं काढायला सांगा आणि स्वतः ओवा, बॉबिनही स्वतः भरा. पॉपलीनच्या दोन पदरांवर अडीच मिलिमीटरची टीप मारून कापड उलटं करा. खाली लाल ठिपके दिसले तर वरचं टेन्शन सैल आहे, वर पांढरे दिसले तर घट्ट. चकती थोडी फिरवून हे दोन्ही जुळलं पाहिजे. जुळतच नसेल तर पुढचं काही बघू नका. मग दहा टाके मोजून पट्टी लावा, २५ मिलिमीटर भरतात का. पायाचं पेडल अगदी हलकं दाबा: हात न लावता सुईनं पहिला टाका घेतला पाहिजे. मोटर नुसती घुमली आणि चाकाला ढकलावं लागलं तर जाड कापडाला ती पुरणार नाही. शेवटी जीन्सची दुमड, १६ नंबरच्या सुईनं, सावकाश.

दाते खाली बसवायची सोय आहे का, नसेल तर ते झाकायची पट्टी सोबत मिळते का, फूटचा दाब बदलतो का, आणि बॉबिन नेहमीच्या मापाची आहे का, हेही बघा. आणि दुरुस्ती कोल्हापुरातच होणार की मशीन बाहेरगावी पाठवावं लागणार, हे बिल फाडायच्या आधी स्पष्ट विचारा. ऑनलाइन मशीन हजारभर रुपयांनी स्वस्त पडतं, पण पहिल्या बिघाडाला तुम्ही खोकं बांधत बसाल.

वाकळीचं मात्र कुठल्याही मशीनवर जपून. दाते फक्त खालचा पदर ओढतात, वरचा पदर मागे राहतो, आणि हातभर शिवेपर्यंत वरच्या साडीला चुण्या पडतात. शिवाय सुईच्या उजवीकडे सहा-सात इंचांचीच जागा असते, पाच पदरांची अख्खी वाकळ गुंडाळून त्यात मावत नाही. एक वाट अशी: साड्या धुऊन, वाळवून, इस्त्री करा. विरलेला भाग आत जाईल अशा बेतानं पदर लावा; तीन किंवा चार पुरे. मोठ्या वाकळीऐवजी दोन फूट रुंदीच्या लांब पट्ट्या करा. प्रत्येक पट्टीला हातानं चार-चार बोटांवर लांब कच्चे टाके घाला. टीप मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला न्या, टाका तीन-साडेतीन मिलिमीटरचा, सुई १६ नंबरची, फूटचा दाब थोडा कमी. मग पट्ट्या जोडून सांध्यावर इरकलीच्या काठाची पट्टी बसवा. दुसरी वाट म्हणजे मशीनवर फक्त कडा बंद करायच्या आणि मधला धावदोरा हातानंच घालायचा. आपल्याकडच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या तशाच वाकळी शिवल्या. विरलेल्या सुताला मशीनची घट्ट टीप काचते, हाताचा टाका सैल राहून कापडासोबत हलतो. आईच्या साड्या आहेत, मी दुसरी वाट घेईन.

पैशांचं. दहा हजारांतले दीड हजार मशीन दुरुस्तीला, हजारेक रुपये कापडासाठीच ठेवलेल्या चांगल्या जड कात्रीला आणि टेप, खडू, टाचण्या, टिपा उसवायचं हत्यार यांना. ती कात्री कागदाला कोणी लावणार नाही, हे घरात सांगून ठेवा. पाच-सातशेचं साधं सुती कापड गांधीनगरहून घाऊक भावात आणा आणि निर्धास्त कापा. महाग कापडावर शिकताना हात आखडतो. उरलेले तसेच ठेवा. सहा महिन्यांत काय शिवलं, कुठं अडलं ते वहीत लिहीत गेलात, तर पुढचं मशीन कोणतं हे ती वही सांगेल.

वसुलीच्या बोलण्यानं मात्र मला काळजी वाटते. शेजारणीचा ब्लाऊज म्हणजे तिचं कापड, तिचं माप, तिची तारीख. कटोरी अर्ध्या इंचानं चुकली तर भरपाई तुमची आणि अबोलाही तुमच्याच वाट्याला. दोन महिन्यांच्या क्लासवर तो भार उचलू नका. सध्या कोणी विचारलं तर ‘वर्षभर फक्त घरचं शिवतेय’ एवढं सांगा. घरातल्या माणसांना हिशेबच हवा असेल, तर चार पडदे आणि सहा अभ्रे शिवून घ्यायची मजुरी टेलरला विचारून या आणि तो आकडा त्यांच्यापुढे ठेवा. पण खरं सांगायचं तर तुम्ही नोकरी करता, घर सांभाळता. संध्याकाळचा एक तास स्वतःच्या आवडीचं काही करायला दीड हजार रुपये लागत असतील, तर त्याला वसुलीची गरज नाही.

पावसाळ्याचं विसरू नका. जून ते सप्टेंबर मशीनवर प्लॅस्टिकचं कव्हर नको, आत ओल धरते. जुनी सुती साडी दुहेरी करून झाका. आठवड्यातून एकदा, काही शिवायचं नसलं तरी, दोन मिनिटं चालवा. सुईच्या खालची चकचकीत पट्टी तेलाच्या बोटानं पुसून ठेवा, गंज आधी तिथंच चढतो. तेल घातल्यावर पहिल्यांदा चिंधीवर शिवा, नाहीतर फ्रॉकवर डाग पडेल.

आणि मेकॅनिकला फोन करायच्या आधी एक संध्याकाळ सासूबाईंजवळ बसा. मशीनला कोणतं तेल घालत होत्या, शेवटी काय शिवलं, सुई कुठल्या नंबरची वापरायच्या, हे विचारा. बॉबिन केस मशीनसोबत बहुधा सापडत नाही; ती सुया-बटणांच्या डब्यात असते, आणि तो डबा कुठं आहे हे त्यांनाच माहीत असेल. बारीक दिसत नसलं तरी दोरा कुठून कुठे जातो हे त्यांची बोटं विसरलेली नसतील. चाक मोकळं झालं की पहिल्यांदा ओवायला त्यांनाच बसवा. सुईच्या भोकातून दोरा तुम्ही घाला.